क्वार्टरबॅकवर पडायचं तरी कसं? : ‘मवाळ’ फुटबॉलच्या तक्रारीची पार्श्वभूमी

अमेरिकी फुटबॉल मवाळ झाला, ही ओरड आजची नाही. ‘क्वार्टरबॅकना (म्हणजे पास फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूंना) आता झगेच घाला’ असं पिट्सबर्ग संघाचा पुढचे दात पडलेला एक लाइनबॅकर (बचावपटू) सत्तरच्या दशकाच्या अखेरीस म्हणून गेला. आजचा प्रेक्षक ‘मग सरळ फ्लॅग फुटबॉलच खेळा की’ म्हणतो (त्यात पाडत नाहीत, कमरेची पट्टी ओढतात; तो खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहेच, ते असो). मधल्या काळात नियमपुस्तक चांगलंच जाड झालं. पण रविवारच्या सामन्यांनंतर सोमवारी सकाळी हमरीतुमरी होते ती बहुतेक वेळा त्यातल्या एकाच कलमावरून: क्वार्टरबॅकवर अंगाचा भार टाकून पडण्याच्या.

फार मागे जायचं तर १९०५. तेव्हा हा खेळ मुख्यतः कॉलेजांचा होता आणि एकेका मोसमात मैदानावर पोरं दगावत होती. राष्ट्राध्यक्षांनी मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी पुढे पास फेकायला परवानगी मिळाली. म्हणजे आज ज्याला आपण फुटबॉल म्हणतो तो मुळात सुरक्षिततेच्या सुधारणेतून निघाला. व्यावसायिक लीग १९२० मध्ये आली, तिथे हेल्मेट सक्तीचं व्हायला १९४३ उजाडलं.

नियमांना खरा वेग आला तो १९७७-७८ पासून. समोरच्याच्या हेल्मेटवर थाड्कन पंजा हाणणं बंद झालं, रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) पाच यार्डांपलीकडे अडवायचं नाही असं ठरलं. पण यामागे जिवाची काळजी थोडी आणि धावफलक हलता ठेवण्याची जास्त होती. त्याच १९७८ च्या ऑगस्टमध्ये ओकलंडला मोसमपूर्व सामन्यात न्यू इंग्लंडचा एक रिसीव्हर पाससाठी झेपावला आणि बचावपटूची धडक बसून मानेखाली कायमचा लुळा झाला. पिवळा फ्लॅग (पंचाची फाउलची खूण) पडला नाही. तेव्हाच्या नियमात ती धडक बसत होती.

मेंदूची गोष्ट पुढची. २००२ मध्ये पिट्सबर्गच्याच संघाचा एक माजी सेंटर (आघाडीच्या रांगेत मधोमध राहून चेंडू मागे देणारा) पन्नासाव्या वर्षी वारला. चार सुपर बोल (लीगची अंतिम लढत) जिंकलेला माणूस अखेरच्या वर्षांत स्वतःचं स्वतःला सांभाळू शकत नव्हता. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत जे सापडलं (वारंवारच्या आघातांनी होणारा आजार) ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि लीगच्या डॉक्टरांनी ते खोडून काढायचा आटापिटा केला. इथे थांबून एक लक्षात घ्यायला हवं. हा सेंटर होता. टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवतात तसल्या धडका सेंटरच्या वाट्याला क्वचितच येतात. त्याचं डोकं दर डावाला एकदा, समोरच्या डोक्यावर आपटतं, बस्स. या मेंदूपासून सगळं प्रकरण सुरू झालं. नंतरचे बहुतेक नियम मात्र आले ते मोकळ्या मैदानातल्या, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या धडकांवर.

१७ ऑक्टोबर २०१० चा रविवार त्याचा नमुना. एकाच दिवसात अशा तीन-चार धडका झाल्या आणि दोन दिवसांत दंडाच्या पावत्या फाटल्या. सर्वांत मोठी ७५,००० डॉलरची, पुन्हा पिट्सबर्गच्याच एका लाइनबॅकरला. मैदानावर त्या धडकेला फ्लॅगसुद्धा पडला नव्हता. तो म्हणाला, असं असेल तर निवृत्तच होतो. आणि त्याच धडकेचा फोटो लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर विक्रीला होता! बोभाटा झाल्यावर काढला. त्यानंतर २०११ मध्ये धडका कमी व्हाव्यात म्हणून किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) पाच यार्ड पुढे सरकली, २०१३ मध्ये मेंदूच्या इजांबद्दलच्या माजी खेळाडूंच्या दाव्यात ७६.५ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि हेल्मेट खाली घालून धडकण्यावरचे निर्बंध २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने आवळले गेले.

आता ते कलम. क्वार्टरबॅकला पाडताना बचावपटूने आपल्या अंगाचा ‘संपूर्ण किंवा बहुतांश भार’ त्याच्यावर टाकून पडू नये, असं त्यात म्हटलं आहे. शब्द जुनेच, पण बरीच वर्षं ते कोणी फारसे मनावर घेत नव्हतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मिनेसोटाच्या लाइनबॅकरने ग्रीन बेच्या क्वार्टरबॅकला पाडलं, वर पडला, आणि लीगच्या सर्वांत महागड्या खांद्यांपैकी एकाचं हाड मोडलं. फ्लॅग नाही. पुढच्या मोसमाआधी पंचांना सांगण्यात आलं की या कलमाकडे आता बारकाईने बघा.

दैवाची गंमत बघा. सप्टेंबर २०१८, दुसराच आठवडा, तेच दोन संघ. ग्रीन बे आठ गुणांनी पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ, मिनेसोटाचा पास ग्रीन बेने पकडलेला, सामना संपल्यात जमा. आणि ग्रीन बेच्या लाइनबॅकरने क्वार्टरबॅकला उचलून पाडलं म्हणून फ्लॅग. पकडलेला पास रद्द, मिनेसोटाची बरोबरी, जादा वेळेनंतरही २९-२९. पुढच्या रविवारी वॉशिंग्टनमध्ये त्याच लाइनबॅकरवर पुन्हा फ्लॅग, या वेळी सरळसरळ ‘अंगाचा भार’. त्याच दिवशी मायामीचा एक बचावपटू ओकलंडच्या क्वार्टरबॅकला पाडताना आपला भार त्याच्यावर पडू नये म्हणून हवेतच अंग वळवायला गेला, आणि त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. मोसम संपला. क्वार्टरबॅक कपडे झटकून उठला.

मुळात शंभरावर किलोचा माणूस वेगात येऊन दोन्ही हातांनी दुसऱ्याला कवळतो, तेव्हा दोघं एकत्र कोसळतात. भार मग जाणार कुठे? प्रशिक्षक सांगतात, पडताना कुशीवर वळा, नाहीतर एक हात जमिनीवर टेका. सांगायला सोपं आहे. पांढऱ्या टोपीचा मुख्य पंच क्वार्टरबॅकच्या मागून बघत असतो आणि अर्ध्या सेकंदात त्याला ‘बहुतांश’ म्हणजे किती ते तोलायचं असतं. त्यातून नियमपुस्तकच सांगतं की शंका आली तर फाउलच द्या. मवाळपणाची तक्रार करणारे ‘अंगाचा भार’ या शब्दांना शिव्या घालतात, पण सामने फिरवतं ते हे शंकेचं वाक्य. खेळात दुसऱ्या कोणाला संशयाचा इतका फायदा मिळत नाही, आणि तो क्वार्टरबॅकला का मिळतो हे त्याचा करार बघितला की कळतं.

२०२२ मध्ये हे पुन्हा उफाळलं. सप्टेंबरअखेर मायामीचा क्वार्टरबॅक चार दिवसांत दुसऱ्यांदा डोक्यावर आपटून स्ट्रेचरवरून गेला. त्याला खेळू कसं दिलं यावरून देशभर गदारोळ झाला. ९ ऑक्टोबरच्या रविवारी अटलांटाच्या बचावपटूने टॅम्पाच्या पंचेचाळीस वर्षांच्या क्वार्टरबॅकला कमरेतून धरून बाजूला पाडलं, अगदी शाळेत शिकवतात तसं, तर फ्लॅग पडला आणि अटलांटाची उरलीसुरली आशा संपली. सोमवारी रात्री कॅन्सस सिटीच्या बचावपटूने पाडता पाडता चेंडूच हिसकावला. खाली पडताना चेंडू त्याच्या हातात होता, एक हात जमिनीवर टेकलेला होता, तरी ‘अंगाचा भार’. चेंडू आपल्याकडे असताना आपणच क्वार्टरबॅकला रफिंग (नियमबाह्य धसमुसळेपणा) कसं करतो, हे कोडं मलातरी अजून सुटलेलं नाही. असे निर्णय व्हिडिओवर तपासावेत असा प्रस्ताव २०२३ मध्ये संघमालकांसमोर आला आणि फेटाळला गेला.

त्याच मोसमात, २ जानेवारी २०२३ ला, सिनसिनाटीत बफेलोचा बचावपटू एक साधा टॅकल करून (समोरच्याला पाडून) उठला, दोन पावलं चालला आणि हृदय बंद पडून कोसळला. वाचला. त्या टॅकलमध्ये कोणत्याही नियमाचा भंग नव्हता.

खरा बदल झाला तो भलतीकडेच. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०११ च्या करारात मोसमभरात पूर्ण पॅड घालून सराव फक्त चौदा वेळा, आणि दिवसातून दोनदा सराव बंद, असं ठरलं. त्या सेंटरच्या डोक्यावर बसलेले बरेचसे आघात अशाच सरावांत व्हायचे. प्रशिक्षक याबद्दल कुरकुरतात. प्रेक्षक नाही, कारण सराव टीव्हीवर नसतो. दुसऱ्या बाजूला २०२१ मध्ये मोसमात सतरावा सामना वाढवला, त्याचं सुरक्षिततेशी नातं कसं लावायचं ते मालकच जाणोत.

२०२४ मध्ये हिप-ड्रॉपवर बंदी आली. म्हणजे मागून धरायचं, कंबर वळवून अंग सैल सोडायचं आणि धावणाऱ्याच्या पायांवर बसायचं. मालकांचं मत एकमुखी, खेळाडूंच्या संघटनेचा उघड विरोध; पंधरा यार्डांची शिक्षा. बचावपटू म्हणाले आता पाडायचं तरी कसं, आणि समालोचकांनी मवाळपणाचा नवा अध्याय सुरू झाल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात पहिल्या मोसमात मैदानावर त्यासाठी फ्लॅग जवळपास पडलाच नाही. दंडाची पत्रं मात्र पुढच्या आठवड्यात जात राहिली.