नालबंदी (कोकण किनारा)

नालबंदी : घोडा, खेचर, बैल यांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकण्याचे काम, ते करणारा तो नालबंद. नाल ठोकणे हा त्यातला शेवटचा आणि दिसणारा भाग. त्याआधी खूर तासून पाय जमिनीवर सरळ बसता करावा लागतो, आणि शिकाऊ हात चुकतो तो बहुधा तिथेच.

मराठेशाहीत या शब्दाला दुसराही अर्थ होता. स्वारीवर निघण्यापूर्वी घोडेस्वाराला तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाही नालबंदीच म्हणत. शिवकालीन पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी (पखालीने पाणी पुरवणारा) आणि एक नालबंद असे. २५ घोडे म्हणजे १०० पाय. नाल काढून पुन्हा बसवण्याची पाळी दर सहा आठवड्यांनी धरली तर रोजचे दोन-अडीच पाय. हात चालता राहायला एवढे काम पुरते. आज कोकणात हा धंदा शिकू पाहणाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे, रोज दोन पाय मिळत नाहीत.

घोडा मुळात कोकणचा नव्हेच. खाचरे, खाड्या आणि घाट यांच्या या पट्टीत ओझे वाहिले ते गलबतांनी, बैलांनी आणि माणसांनी. घोडे आले समुद्रातून. ठाणे, चौल, दाभोळ या बंदरांत अरबी घोडे उतरत आणि घाट चढून देशावर जात. ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे तेवढे राजाचे, अशी नोंद मार्को पोलोने १३व्या शतकाच्या अखेरीस केली आहे. त्याचीच दुसरी नोंद तमिळ किनाऱ्याबद्दलची आहे, पण इथे सांगण्याजोगी. घोड्यांचे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊ देत नसत. घोडे लवकर मेले तर पुन्हा खप होई!

आता किनाऱ्यावर घोडे दिसतात ते पर्यटनापुरते. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात. काशीद, मुरूड, गणपतीपुळे अशा पुळणींवर फेरीचे घोडे असतात. मुंबईतल्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्यावर तिथले बरेच काम गेले. मोठ्या संख्येने घोडे एकत्र सापडतात ते माथेरानला. ते किनाऱ्यावर नाही, पण रायगड जिल्ह्यातच आहे, आणि मोटारींना बंदी असल्याने चारशेहून अधिक घोडे रोज चढउतार करतात. किनाऱ्यावरच्या होतकरूने काही महिने तिथे घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खुराचे बाहेरचे कवच नखासारखे असते. त्यात संवेदना नसते आणि ते महिन्याला साधारण ६ ते १० मि.मी. वाढते. रानात फिरणाऱ्या घोड्याचे ते आपोआप झिजते. नाल लावलेल्याचे झिजत नाही, म्हणून नाल शाबूत असला तरी चार ते आठ आठवड्यांत काढून, खूर तासून पुन्हा बसवावा लागतो. ‘नाल अजून चांगला आहे’ म्हणून पाळी लांबवणे ही मालकांची जुनी सवय. तोवर खुराचे टोक पुढे वाढते, टाच खाली बसते आणि सगळा ताण पायाच्या मागच्या शिरांवर येतो.

तासण्याआधी घोडा सपाट जागी उभा करून बाजूने पाहायचा. खुराच्या पुढच्या बाजूचा उतार आणि त्याच्या वरच्या आखूड हाडाचा उतार एका रेषेत यायला हवा. मग घोडा समोरून आणि मागून चालवून बघायचा. घाईचा शिकाऊ हे टाळतो आणि पाय उचलून थेट कानस चालवतो. नाल खुराच्या मापाने वाकवायचा असतो. नालाच्या मापाने खूर कापला की काम लवकर उरकते आणि घोडा महिनाभर भोगतो.

खिळ्याची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खुराच्या तळाशी कवच आणि तळवा यांच्यामध्ये एक पांढरट रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरच हवा. तिच्या आत जिव्हाळी. खिळ्याच्या डोक्यावर एका अंगाला खूण असते आणि टोक त्याच अंगाने तिरपे केलेले असते. ते अंग आत ठेवले तर ठोकताना खिळा बाहेर वळत जातो आणि तळापासून सुमारे दोन सें.मी.वर कवचातून बाहेर पडतो. उलटा धरला तर वळतो जिव्हाळीकडे. ठोकताना कान उघडे हवेत: कवचातून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज दर ठोक्याला टणक होत जातो, हाताला अडल्यासारखे लागते. आवाज बसका येऊ लागला, खिळा लोण्यात गेल्यासारखा सरकला, की ‘अजून एक ठोका’ मारायचा नाही, उपसायचा. रक्त आले तर भोक धुऊन औषध लावायचे आणि धनुर्वाताच्या लशीचे पाहायचे, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. रक्त न येताही खिळा जिव्हाळीला दाबत असेल तर घोडा एक-दोन दिवसांनी लंगडतो, आणि तोवर नालबंद पुढच्या गावी गेलेला असतो. खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळा मारत नाहीत. वजन पडले की टाच किंचित फाकते, तिला जखडायचे नसते.

कोकणातला पावसाळा हे सगळे अवघड करतो. ३,००० मि.मी.च्या आसपास पाऊस, ओला गोठा, पायाखाली चिखल. खूर मऊ पडतो, खिळ्यांची भोके सैल होतात, तळाची मऊ गादी सडून काळा, दुर्गंधी स्राव येतो. सैल नालाला आणखी दोन खिळे मारणे हा सोपा उपाय वाटतो, पण तेवढी नवी भोके पडून कवच आणखी तुटते. खूर रोज खरवडून साफ करणे आणि घोडा रात्री कोरड्यात बांधणे यानेच फरक पडतो. पुळणीवर वाळू नाल आणि तळव्यामध्ये शिरते, खारे पाणी लोखंड खाते. गुळगुळीत दगडावर गुळगुळीत नाल घसरतो. माथेरानच्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही अश्वपालांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला प्रत्येक पायाला दोन पत्र्या लागतात. बैल आडवा पाडून, पाय बांधून त्या मारतात. भाताच्या चिखलात नांगरणाऱ्या बैलाला त्यांची गरज नसते. डांबरी रस्त्यावर गाडी ओढणाऱ्याला असते.

हे काम अजूनही बरेचसे बघून शिकले जाते. नवख्याला आधी पाय धरायला देतात, मग जुने खिळे उपसायला, मग कानस, खिळा शेवटी. मेरठच्या लष्करी रिमाउंट व पशुवैद्यकीय केंद्रात पद्धतशीर शिक्षण आहे, पण ते सैन्याच्या नालबंदांसाठी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे काम निराळे, तिथे धावण्यापुरते हलके ॲल्युमिनियमचे नाल. एकट्याने सराव करायचा तर मेलेल्या जनावराचे खूर मिळवून तासावेत आणि उभे चिरून पाहावेत. जिव्हाळी किती जवळ आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसते. किनाऱ्यावरच्या गाडीवानाला भरतीच्या वेळी सवड असते, तेव्हा त्याच्या घोड्याचे पाय नुसते उचलून बघू द्या म्हटले तर सहसा नाही म्हणत नाही.

उतरवलेला जुना नाल लोक दाराला ठोकायला मागून नेतात. देण्याआधी तो उलटा करून पाहावा. बाहेरची कड जास्त झिजली असेल तर घोडा पाय बाहेरच्या अंगाने टेकवतो आहे. टोकच झिजले असेल तर तो टाच टेकायला कचरतो आहे, किंवा टोक वेळेवर तासले गेलेले नाही. डाव्या-उजव्या पायांचे नाल शेजारी ठेवले की लंगडण्याआधीचा फरकही दिसतो.