नशेतला सायकोसिस आणि स्किझोफ्रेनिया: पहिल्या रात्री फरक ओळखता येतो का?

तीन रात्री न झोपलेला माणूस ओरडतोय: दाराबाहेर माणसं उभी आहेत, मला मारायला आलीत. हा सायकोसिस: वास्तवाशी नातं तुटतं, भास होतात, खोटे संशय खरे वाटतात. लघवीच्या तपासणीत मेथाम्फेटामाइन (मेथ, मेंदूला उत्तेजित करणारा नशेचा पदार्थ) सापडतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात, 'नशेचंच आहे, उतरेल.' पण ती तपासणी फार तर गेल्या काही दिवसांत नशा झाली होती एवढंच सांगते. स्किझोफ्रेनिया हा दीर्घकाळचा मानसिक आजार असलेली माणसंही मेथ घेतात.

घोळ जुना आहे. अॅम्फेटामाइनमुळे (मेथ याच गटातलं) होणारा सायकोसिस संशयी स्वरूपाच्या स्किझोफ्रेनियासारखा हुबेहूब दिसू शकतो, हे मानसोपचारतज्ज्ञ फिलिप कॉनेल यांनी 1958 मध्येच लिहून ठेवलं. दोन्हींच्या मुळाशी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची गडबड आहे, त्यामुळे संशय आणि नसलेले आवाज ऐकू येणं दोन्हीकडे.

खुणा आहेत, पण पक्क्या नाहीत. कातडीखाली किडे वळवळतात म्हणून अंग ओरबाडून घेणं नशेकडे बोट दाखवतं. उलट, नशेच्या आधीच महिनोन्महिने माणूस स्वतःत मिटत गेला असेल, बोलणं तुटक, चेहरा कोरा, तर स्किझोफ्रेनियाची शंका घ्यावी. म्हणून 'कधीपासून?' हा प्रश्न घरच्यांना खोदून खोदून विचारावा लागतो. खरा निवाडा वेळ करते: नशा थांबल्यावर लक्षणं बहुधा काही दिवसांत ओसरतात. साधारण महिनाभर टिकली, तर निदान पुन्हा तपासायचं.

पहिल्या रात्रीचे उपचार मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. शांत खोली, माणसं कमी, एकानेच बोलायचं. गरजेप्रमाणे लोराझेपामसारखं शांत करणारं औषध, किंवा ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही सायकोसिसविरोधी औषधं. नशेत एक काम वाढतं: अंगाचा ताप, रक्तदाब, हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवणं. हे बिघडले तर जीव जाऊ शकतो, भास दुय्यम ठरतात.

वाटा नंतर फुटतात. स्किझोफ्रेनियात सायकोसिसविरोधी औषधं दीर्घकाळ चालतात. नशेतल्या सायकोसिसमध्ये डॉक्टर ती हळूहळू कमी करून बघतात, आणि मुख्य उपचार व्यसनावर. मेथच्या व्यसनावर खास मंजूर औषध नाही. नशामुक्त राहिल्याचं ठोस बक्षीस देण्याची पद्धत सध्या सगळ्यात उपयोगी ठरली आहे. ऐकायला पोरकट वाटते खरी.

2020 मधल्या एका एकत्रित अभ्यासात, अॅम्फेटामाइनमुळे सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे 22 टक्के लोकांना पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. म्हणून भास गेले तरी भेटी चालू ठेवाव्या लागतात, आणि नशा उतरल्यावरचे पहिले दिवस तर जास्तच जपावे लागतात, कारण तेव्हाच खोल उदासी येते आणि आत्महत्येचे विचारही.