तीन आठवडे ब्रश बंद

सकाळी चूळ टाकली आणि बेसिनमधला फेस गुलाबी दिसला, की बहुतेक जण एकच करतात. त्या बाजूला ब्रश हळू फिरवतात किंवा फिरवतच नाहीत. रक्त ब्रशनं काढलं, असा समज. खरं म्हणजे हिरडी आधीच सुजलेली असते, ब्रश नुसता निमित्त होतो. त्याला रजा दिली की सूज आणखी वाढते.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अगदी साध्या प्रयोगातून दाखवलं. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली, त्यांत बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, आजपासून दात घासायचे नाहीत. (भावी दंतवैद्यांना असा गृहपाठ मिळावा, ही गंमतच.) १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. मग पुन्हा ब्रश हातात दिला, तर आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

त्या दिवसांत दातांवरचा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला जात होता. सुरुवातीला गोल जंतू जास्त. काही दिवसांनी लांबट, धाग्यासारखे आले आणि शेवटी मळसूत्रासारखे वळवळणारे. बाहेरून कुठली साथ आली नव्हती. थर जुना होत गेला, तशी त्यातली वस्ती बदलली.

हा थर म्हणजे प्लाक. नखानं दात खरवडला तर नखावर येतो तो पांढरट, चिकट लगदा. त्याला अन्नाचे कण समजू नका, तो मुख्यतः जिवाणूंचाच बनलेला असतो. दात घासून काही मिनिटं होतात न होतात, तोच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो. त्याला आधी स्ट्रेप्टोकोकस नावाचे गोल जिवाणू चिकटतात. हे तसे निरुपद्रवी. मागून फ्युजोबॅक्टेरियम येतो. हा लांबट जिवाणू आधी आलेल्यांनाही धरतो आणि नंतर येणाऱ्यांनाही. थर जाड झाला की तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, आणि नेमकी तीच जागा ज्यांना मानवते, ते दात आणि हिरडीमधल्या फटीत मुक्काम ठोकतात.

त्यांतला सर्वांत बदनाम पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. याला साखरेचं वेड नाही, तो प्रथिनांवर जगतो. शिवाय त्याला लोह लागतं, तेही रक्तातलं. म्हणजे रक्त येणारी हिरडी हे त्याच्यासाठी वाढलेलं ताटच. पण एकट्यानं त्याला फारसं काही साधत नाही. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात नुसता हाच सोडला, तेव्हा जबड्याचं हाड झिजलं नाही. इतर जिवाणू असलेल्या उंदरांत मात्र त्याच्या अगदी थोड्या संख्येनंही हाड झिजलं. तो शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवतो, त्याचा फायदा सगळ्या वस्तीला मिळतो आणि सूज धुमसत राहते.

आणि हाड खातं कोण? जिवाणू नव्हे. हाड विरघळवणाऱ्या पेशी आपल्याच शरीरातल्या. दीर्घकाळच्या सुजेनं त्या चेकाळतात, दाताभोवतीचं हाड खाली सरकतं, फट खोल होते. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटरची असते. त्यापेक्षा खोल गेली की ब्रश तळाला पोचत नाही. लोए यांच्या प्रयोगातल्या माणसांची सूज उतरली, कारण ती हाडापर्यंत पोचली नव्हती. झिजलेलं हाड नुसत्या ब्रशनं परत येत नाही.

आता जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागे फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर ते कीटण. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून लाळेतलं कॅल्शियम तिथल्या प्लाकमध्ये लवकर साचतं आणि त्याचा दगड होतो. तो ब्रशनं निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत अंगावर नवा प्लाक आरामात बसतो.

‘दात साफ करून घेतले आणि हलायला लागले,’ ही तक्रार प्रत्येक घरात कुणीतरी केलेली असतेच. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाचा दगड हलत्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवत असतो. तो काढला की दात हलतात हे कळतं आणि खापर दंतवैद्यावर फुटतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. हाड त्यांचंही झिजतं, उलट जास्तच, पण तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येतं. बेसिनमधला फेस पांढराच राहतो.