पंचाईत (शब्द)

पंचाईत हा मराठीतला स्त्रीलिंगी शब्द, अर्थ अडचण. पण साधी अडचण नाही, माणूस मधल्यामधे अडकतो आणि धड हसताही येत नाही धड रडताही येत नाही तसली. मूळ शब्द पंचायत, म्हणजे गावातले जाणते लोक बसून निवाडा करायचे ती. पेशवाईत वतनाचे, देण्याघेण्याचे तंटे पंचायतीपुढे जायचे आणि १८१८ला पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननेही ती पद्धत आधी चालूच ठेवली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते ठीक आहे, पण पाच जण जमणार कधी आणि त्यांचं एकमत होणार कधी, त्यामुळे भांडण मिटवायच्या जागेचं नाव अडकून पडण्याला चिकटलं असावं असं आपलं मला वाटतं.

आता लिहिताना गावाची ती पंचायत आणि अडचण ती पंचाईत असा फरक बहुतेक जण पाळतात, बोलताना कोण बघतंय. विभक्ती लागली की मधला ई ऱ्हस्व होतो, पंचाइतीत पडलो.

वापर बघायचा तर एसटीत बसा. तिकीट ३५ रुपये, खिशात एकच ५००ची नोट, कंडक्टर म्हणतो सुट्टे द्या, मग तो तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो आणि आपला स्टॉप जवळ यायला लागतो तरी त्याच्याकडे सुट्टे जमलेले नसतात, उतरावं तर पैसे जातात, बसून राहावं तर गाव जातं. ही पंचाईत. याला संकट म्हणलं तर लोक हसतील, आणि पुरात घर गेलेल्या माणसाला 'तुमची पंचाईत झाली' म्हणलं तर तो मारायला उठेल.

ज्याची होते त्यालाही 'ची' लागतं आणि ज्या गोष्टीची होते तिलाही: माझी पंचाईत झाली, पाण्याची पंचाईत झाली, नळ गेला तर आमची पाण्याची पंचाईत.

जवळचे शब्द खूप आहेत पण अदलाबदल करून चालत नाहीत. अडचण कुठेही चालते, ऑफिसच्या अर्जातसुद्धा. गोची आणि लोचा मुंबईकडचे, सासऱ्यांसमोर जरा जपून. फजितीला बघणारे लागतात, पंचाईत एकट्याचीही होते. त्रांगडं म्हणजे तीन-चार गोष्टी एकमेकांत अडकलेल्या, सामायिक सातबारा हे त्याचं उत्तम उदाहरण. तिढा पेपरवाल्यांचा लाडका, जागावाटपाचा तिढा दर निवडणुकीला असतोच. कोंडी वाहतुकीची होते नाहीतर पुढाऱ्याची. इकडे आड तिकडे विहीर यात दोन्ही वाटा बंद, तर पंचाइतीत बहुतेक वेळा वाट असते, फक्त लाज सोडावी लागते.

अनेकवचनात अर्थच बदलतो. 'तुला कशाला नसत्या पंचायती?' म्हणजे तुझी अडचण नाहीये, तू दुसऱ्याच्यात नाक खुपसतोयस.