रंग कालवणारी खेर्टये आणि तिची मालकीण

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात १६६८ सालचं एक स्थिरचित्र आहे. टेबलावर कवटी, वाळूचं घड्याळ, खगोलाचा गोल, फुलं आणि कणसाचे दाणे कुरतडणारा उंदीर. काचेच्या कुपीकडे नीट पाहिलं, तर तिच्यातल्या प्रतिबिंबात चित्रकर्तीचा चेहरा सापडतो. ही मारिया व्हान ओस्टरवाइक.

जन्म १६३० चा, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टजवळच्या नोटडॉर्पचा. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. त्या काळी नग्न मॉडेल समोर बसवून शरीररचना शिकणं मुलींना जवळजवळ अशक्य होतं. त्यामुळे धार्मिक आणि ऐतिहासिक प्रसंगांची मानाची चित्रं बहुतेक पुरुषांकडेच राहिली. फुलं घरातही रंगवता येत. पण म्हणून हे काम सोपं, असं कुणी समजू नये. या चित्रांतल्या फुलदाणीत वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं शेजारीशेजारी असतात. म्हणजे ट्यूलिप आपल्या हंगामात अभ्यासायचं, गुलाब आपल्या, आणि मग सगळ्यांचा मेळ एका कॅनव्हासवर घालायचा. फ्रान्सचा चौदावा लुई, पवित्र रोमन सम्राट पहिला लिओपोल्ड आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेला तिसरा विल्यम हे तिचे ग्राहक होते.

पुढे ती आम्स्टरडॅमला आली. विलेम व्हान आल्स्ट या चित्रकाराने तिला मागणी घातली. तिने अट घातली : वर्षभर रोज दहा तास काम करून दाखव. त्याची गैरहजेरी ती खुणा करून टिपत राहिली आणि शेवटी नकार दिला, असं चरित्रकार आर्नोल्ड हाउब्राकेन सांगतो. ती आयुष्यभर अविवाहित राहिली.

मला मात्र याच चरित्रकाराने दिलेली दुसरी माहिती अधिक मोलाची वाटते. मारियाकडे खेर्टये पीटर्स नावाची मोलकरीण होती. रंग कालवून देणं हे तिचं काम. मारियाने तिला नुसते रंग कालवायला नाही, चित्रं काढायलाही शिकवलं.

मारिया १६९३ मध्ये आउटडॅम गावी वारली. ८ मार्च २०२१ रोजी आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या मानाच्या दालनात प्रथमच स्त्रियांची चित्रं लावली. युडिथ लाइस्टर, खेसिना तेर बोर्ख आणि राखेल राउश या तिघींची. मारिया त्यांत नव्हती, याची मला खंत वाटते.

खेर्टयेचं एक पुष्पचित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे, तिच्या स्वतःच्या नावाने.