आडोसा घेतला म्हणजे लपलो असं नाही

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या कथाखेळासाठी देवगिरीच्या किल्ल्यावर बेतलेला नकाशा मी संभाजीनगरच्या आमच्या ग्रुपसमोर मांडला आणि पहिल्याच चकमकीत खेळ अडला. धनुष्यवाला 'रोग' (इंग्रजी rogue, म्हणजे चोरपावली लढणारं पात्र) खांबामागं गेला, आणि त्याचा खेळाडू म्हणाला, "मी लपलोय, आता दोन फासे टाकतो." मी नाही म्हणालो. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आडोसा आणि लपणं हे दोन वेगळे नियम आहेत.

शेतात उभं राहून बघा. दगडी बांधामागं कंबरेएवढं वाकून बसलात, तर गोफणीचा गुंडा बांधावर आपटेल. पण तुम्ही तिथं आहात हे समोरच्याला माहीत आहे. उलट दाट उभ्या ज्वारीत शिरलात, तर तुम्ही दिसणार नाही. पण अंदाजानं फेकलेला गुंडा धाटांतून आरपार येईल. बांध हा आडोसा. ज्वारी ही लपायची जागा.

आडोशाचा हिशेब सरळ आहे. अर्धं अंग झाकलं तर आर्मर क्लास, म्हणजे तुम्हाला वार लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा, २ नं वाढतो, पाऊण झाकलं तर ५ नं, आणि पूर्ण झाकलं तर तुमच्यावर थेट नेमच धरता येत नाही. हा हिशेब दिशेप्रमाणे बदलतो: समोरच्या तिरंदाजासाठी तुम्ही खांबाआड, बाजूनं आलेल्यासाठी उघडे. आणि तुम्ही स्वतः बाण सोडलात म्हणून खांब कुठं जात नाही.

लपण्याचं तसं नसतं. त्यात प्रश्न समोरच्याला काय माहीत आहे याचा आहे. २०१४ च्या नियमांत तुम्ही स्टेल्थचा (चोरपावलांच्या कौशल्याचा) फासा टाकता आणि तो समोरच्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (फासा न टाकता धरलेल्या सावधपणाशी), म्हणजे १० अधिक त्याचा बोनस, याच्याशी ताडला जातो. त्यासाठी आधी नजरेआड जावं लागतं. समोर उभं राहून कितीही मोठा आकडा पडला तरी उपयोग नाही. न दिसता मारलेल्या बाणाला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. रोगला त्यावर स्नीक अटॅकची जादा इजाही करता येते. पण लपाछपीत धप्पा दिल्यावर आपण सापडतोच, तसंच इथं: बाण लागो वा चुको, तुमची जागा उघड होते. म्हणून लांबून मारणाऱ्याला लपणं जास्त फळतं. तलवारवाल्याला दबा सोडून पुढं यावं लागतं, तिरंदाज जागेवरूनच काम करतो.

२०२४ च्या सुधारित नियमांत लपायला किमान १५ चा स्टेल्थ लागतो, आणि पाऊण किंवा पूर्ण आडोसा, नाहीतर दाट अंधार किंवा धुकं हवं. शिवाय शत्रूची नजर तुमच्यावर नको. मला हा बदल आवडतो, कारण टेबलावरची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

देवगिरीच्या अंधारीत मात्र खरी मजा आहे. त्या वळणावळणाच्या काळोख्या वाटेत मशाल नसेल आणि कुणालाच अंधारात दिसत नसेल, तर तुम्हाला न दिसण्याचा ॲडव्हांटेज आणि लक्ष्य न दिसण्याचा डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा) एकमेकांना खातात. राहतो साधा एक फासा. शत्रूच्या हाती मशाल आली, तर तो तुम्हाला दिसतो आणि उजेडाबाहेर उभे असलेले तुम्ही त्याला दिसत नाही. तिथं लपण्याची कृती न करताही ॲडव्हांटेज मिळतो. मात्र तुमची चाहूल त्याला लागते, म्हणून न दिसणं आणि लपणं यांतही फरक धरावा लागतो.

त्या दिवशी हे सगळं बोलून झाल्यावर आमच्या रोगनं पुढच्या पाळीत पूर्ण अंग खांबामागं घेतलं, कनिंग ॲक्शननं, म्हणजे रोगला मिळणाऱ्या झटपट जादा कृतीनं, लपला आणि १७ काढले. पहारेकऱ्याचा पॅसिव्ह १२. मग डोकावून दोन फाशांनी बाण सोडला, तरी चुकला. पहारेकऱ्याला खांब कळला, त्यानं उलट बाण मारला, आणि खांबाच्या त्या ५ नं तो दगडावर आपटला.