नोकरीच्या मुलाखतीची तयारी

नोकरीसाठी होणाऱ्या तोंडी निवडीपूर्वी उमेदवार जी माहिती जमवतो, कामातील जे प्रसंग आठवून ठेवतो आणि उत्तरे देण्याचा जो सराव करतो, त्या सर्वांना मिळून ही संज्ञा लावली जाते. ‘मुलाखत’ हा शब्द अरबी ‘मुलाकात’ (भेट) वरून फार्सीमार्गे मराठीत आला. ‘उमेदवार’ हाही फार्सीच. त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. भेट या अर्थात परीक्षेची छटा नव्हती. ती मागाहून आली.

उगम : नोकरीच्या मुलाखतीचा आरंभ टॉमस एडिसन यांच्या १९२१ मधील प्रश्नावलीपासून झाला, असे लोकप्रिय लेखनात पुष्कळदा आढळते. पदवीधर अर्जदारांसाठी काढलेल्या या प्रश्नावलीत भूगोल, इतिहास, विज्ञान यांवरील सुमारे दीडशे प्रश्न होते. ते वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर मोठा वाद झाला. त्यांतील ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइन यांना विचारला असता, पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मात्र ही प्रश्नावली लेखी होती. तिला मुलाखतीपेक्षा ज्ञानचाचणीची पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मुलाखतीच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात त्याआधीच, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांच्या १९१५ च्या सुमारास विक्रेत्यांच्या निवडीवर झालेल्या कामात सापडते. त्याच उमेदवारांना भेटलेल्या व्यवस्थापकांची त्यांच्याविषयीची मते आपसांत जुळत नाहीत, असे त्यांना आढळले. मुलाखतकाराची लहर हेच निकालाचे कारण असेल, तर उमेदवाराने तयारी कशाची करायची, हा प्रश्न त्यातून ओघानेच येतो. मुलाखतीचे प्रश्न आखीव झाल्यावरच त्याला उत्तर मिळाले.

संरचित मुलाखत आणि तयारी : सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तरांना पूर्वनिश्चित मापाने गुण, ही संरचित मुलाखतीची लक्षणे होत. तिची मुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांच्या निर्णायक प्रसंग तंत्रात (१९५४) आहेत, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन वैमानिकांवरील संशोधनातून हे तंत्र पुढे आले. काम साधले किंवा फसले अशा प्रत्यक्ष घटना गोळा करून त्यांवरून त्या कामाला लागणारी वर्तणूक ठरवणे, हा त्याचा गाभा. पुढे त्याला दोन शाखा फुटल्या. लेथम व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेल्या परिस्थितीनिष्ठ मुलाखतीत ‘असे घडले तर काय कराल?’ असे विचारतात. माणसाचा हेतू त्याचे वर्तन सुचवतो, हे तिचे गृहीतक. टॉम जान्झ यांच्या १९८२ मधील वर्तनवर्णनात्मक मुलाखतीत ‘असे घडले तेव्हा काय केलेत?’ असे विचारतात. भूतकाळातील वर्तन हाच भविष्याचा उत्तम निदर्शक, हे तिचे गृहीतक.

परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार पायऱ्यांत उत्तर मांडण्याची ‘स्टार’ पद्धत दुसऱ्या शाखेशी निगडित आहे. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेल्या या नावाचे जनकत्व डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल ही अमेरिकन संस्था (स्थापना १९७०) आपल्याकडे घेते. नाव नवे असले, तरी सांगाडा फ्लॅनागन यांच्या प्रसंगनोंदींशी बराच जुळतो. उमेदवारांची गफलत बहुधा तिसऱ्या पायरीवर होते : परिस्थितीचे वर्णन लांबते, ‘आम्ही केले’ असे सांगितले जाते आणि ‘मी’ काय केले ते राहून जाते. गुण मात्र त्या ‘मी’लाच असतात.

म्हणून जाहिरातीतील कामाचे वर्णन वाचून त्यात मागितलेले गुण वेगळे काढणे, प्रत्येक गुणासमोर स्वतःच्या अनुभवातील एकदोन प्रसंग तारीख-आकड्यांसह टिपणे आणि त्यात फसलेला एखादा प्रसंगही ठेवणे, ही तयारीची मुख्य रीत ठरते. पाठ केलेले उत्तर पहिल्या उपप्रश्नाला मोडते. आठवलेला प्रसंग सहसा टिकतो. संस्थेची माहिती, प्रमाणपत्रे, पोशाख, वेळेवर पोचणे हे सर्वपरिचित आहे.

परिणामकारकता : श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये संरचित मुलाखतीचे गुण आणि पुढील कामगिरी यांतील सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.५१, तर मुक्त, म्हणजे आखीव प्रश्नांविना होणाऱ्या, मुलाखतीचा ०.३८ दिला होता. सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील फेरगणनेत हे आकडे अनुक्रमे ०.४२ व ०.१९ असे उतरले. आता दुसरी गणना अधिक ग्राह्य धरावी. प्रशिक्षणाविषयी मॉरर व सहकाऱ्यांचे पोलिस आणि अग्निशमन दलांतील बढतीच्या मुलाखतींवरील अभ्यास (१९९८, २००१) विशेष उल्लेखनीय आहेत. मार्गदर्शनसत्राला हजर राहिलेल्यांची मुलाखतीतील कामगिरी सरस आढळली. तयारीमुळे निवड फसवी होते, हा आक्षेप जुना आहे. पण याच गटाच्या २००८ मधील अभ्यासात मार्गदर्शन घेतलेल्यांबाबत मुलाखतीवरून केलेले कामातील कामगिरीचे भाकीत उलट अधिक अचूक ठरले.

मुलाखतकार पहिल्या चार मिनिटांत निर्णय घेतो, हे वाक्य १९५०-६० च्या दशकांतील कॅनडातील लहान अभ्यासांवरून पसरले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुसंख्य निर्णय पहिल्या पाच मिनिटांनंतर झालेले दिसले. तेव्हा सारी तयारी पहिल्या हस्तांदोलनावर खर्च करण्याचे कारण नाही.

मुलाखतीच्या धास्तीचे मॅकार्थी व गॉफिन यांनी २००४ मध्ये पाच घटक सांगितले : संवाद, दिसणे, सामाजिक वावर, कामगिरी आणि देहबोलीतील अस्वस्थता. सराव-मुलाखतीने यांपैकी कोणता घटक किती कमी होतो, हे व्यक्तीगणिक बदलते.

मुलाखतकाराविना ध्वनिचित्रमुद्रित होणाऱ्या मुलाखतीत प्रश्न पडद्यावर येतो आणि उत्तराला ठरावीक वेळ असते. समोरच्याची मान हलत नसल्याने बोलणे लांबते किंवा अकाली तुटते. त्यामुळे या प्रकारासाठी घड्याळ लावून स्वतःचे उत्तर मुद्रित करून पाहणे हाच सराव सुचवला जातो.